मानेच्या शिरेचा भाव

माझं माहेर रेडीचं, गो बाय. आई मासळीची पाटी घेऊन बांद्याच्या बाजारात बसायची आणि मी तिच्या कुशीला लागून, तीच माझी शाळा. लग्न होऊन मालवणात आले तरी धंदा तोच राहिला, फक्त बाजार बदलला. तू लिहून घेतेस म्हणून मी हापिसात बोलतात तसं बोलते आहे, मध्येच मालवणी सुटली तर सुटू दे, ते काय माझ्या हातात नाही.

आईनं एक शिकवलेलं. जी मासळी घ्यायची आहे तिच्याकडे बघायचंच नाही. सुरमई हवी तर बांगड्याचा भाव विचारायचा, नाक मुरडायचं, पाठ फिरवून चार पावलं जायचं, मग मागून हाक येतेच, ये गो ये, काय देतलंस ता सांग. किनाऱ्यावर मी आजवर असाच माल घेतला, आणि काय सांगू तुला, हाक आली नाही असं कधी झालंच नाही.

तर आमचे हे. होडीचे तांडेल, होडीवर शब्द चालायचा तो ह्यांचाच. एका सकाळी जाळ्यातले बांगडे सोडवताना उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलायला गेले तर नुसतं बा बा बा. जरा वेळानं सगळं पुन्हा जागच्या जागी. आणि मला म्हणतात कसे, काय नाय गो, वारो लागलो. मी म्हटलं, जन्म गेलो दर्यात, आजच बरो वारो लागलो तुमका? ओढूनच नेलं कुडाळला डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी मानेवर मशीन फिरवून बघितलं. म्हणाले, मेंदूला रक्त नेणारी डावीकडची शीर आतून चोंदत आली आहे, त्यातला एखादा कण सुटून वर गेला म्हणून हात गेला. ह्या वेळेला परत आला, पुढच्या वेळेला येईलच असं नाही. शीर उघडून साफ करावी लागेल, आणि उशीर नको. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

तिथं खर्च सांगायच्या काउंटरवर तुझ्याच वयाची मुलगी होती. तिनं आकडा सांगितला. तो मी तुला सांगत नाही, पण त्यात होडीला नवीन इंजिन आलं असतं आणि वर जाळी आली असती. आणि माझ्या तोंडातून बाजारच बाहेर पडला. म्हटलं, इतके? नको बाई. आमका तशी घाई नाय. मान काय उठान खंय पळता? आणि ह्येंची तरी साठी उलटली, वापरलेलोच माल. मग ह्यांना म्हटलं, उठा, चला, आणि पाठ फिरवली.

दारापर्यंत आले, हाक नाही. पायऱ्यांवर वाकून चप्पल नीट केली, ती नीटच होती. हाक नाही. गेटपाशी येऊन मागे बघते तर हे पायरीवर बसलेले आणि डोळे भरलेले. वादळातून होडी घेऊन आले तेव्हाही मी ह्या माणसाला रडताना बघितलं नाही गो. म्हणाले, बरोबर आसा तुझा. माझ्यापाठी इतको खर्च नको. घराक जाऊया.

मला हसू की रडू कळेना. म्हटलं, अवो, ता मी भाव पाडूक बोललंय! तर म्हणतात, पस्तीस वर्सां बघतंय, तू खरी पाठ फिरवतंस की खोटी, ता माका अजून कळणा नाय. आणि उठेचनात. तांडेल माणूस, एकदा नाही म्हटलं की नाहीच.

मग मी एकटीच आत गेले, आणि एवढ्या माणसांसमोर, आईनं शिकवलेलं सगळं मोडून, मोठ्यानं म्हटलं, बाय गो, माका हो माणूस व्हयो. व्हयोच! पण इतके पैसे माझ्याकडे नाय, आता तूच सांग काय करू. मागे वळले तर हे दारात उभे. ऐकलं होतं त्यांनी.

ती मुलगी म्हणाली, अहो मावशी, मग आधी सांगायचं ना! घाई नाही म्हणालात, मला वाटलं नुसती चौकशी करताय. मग तिनं तो आकडा सोडवून दाखवला, यात वेगळी खोली आहे, ती नको म्हणता येते, कुडाळच्या तपासण्या झाल्यात त्या परत कराव्याच लागतील असं नाही, शिरेत जाळी बसवायची तर तिचा खर्च वेगळा, पण तुम्हाला जाळी लागेल की नुसतं साफ करून भागेल ते डॉक्टर ठरवतील, त्यांना विचारा. आणि मग विचारलं, रेशनकार्ड कुठलं? सरकारी योजनेत हे ऑपरेशन बसू शकतं, आमच्याकडे ती योजना नाही, पण कोल्हापुरात आहे, थांबा, फोन करते. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या पाटीकडे पाठवणारी बाई मी बाजारात अजून एकही बघितली नाही.

कोल्हापुरात मी काही लपवलं नाही. काय योजनेत, काय खिशातून, नंतरच्या गोळ्या किती दिवस, सगळं सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाले, जाळी नको, शीर उघडूनच साफ करू, थोडा धोका त्यातही असतो. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ मी बाहेर कशी बसले ते मलाच माहीत. शुद्धीवर आल्यावर ह्यांचा पहिला शब्द काय असेल? किती झाले? जीभ वळत होती, शब्द स्वच्छ होता, मी म्हटलं गप रवा, आणि तिथंच रडून घेतलं. योजनेत बसलं गो, जायचा यायचा खर्च आणि काही औषधं तेवढी आमची.

आता विडी बंद, गोळ्या चालू. कोणी घरी आलं की हे कॉलर ओढून मानेवरचा वण दाखवतात आणि म्हणतात, आमच्या बायलेन जन्मात एकच माल भाव न करता मागलो, तो मी. भाव मी केलाच होता, पण बोलू देते. तुका सांगतंय बाय, देव तुझां बरां करो, तुकाय असोच घोव गावंदे, फक्त मान आतून साफ असलेलो.