नूतनच्या नावाचे बुधवार

नाही, पण तुम्हीच सांगा, सतरंजीवर दहा बाया बसल्या असतील तर अकराव्या गड्यानं बसायचं कुठं? मधात बसता येत नाही, मागं बसला तर कर्जवाला साहेब म्हणतो बैठकीच्या फोटोत येत नाही, अन् पुढं बसला तर केसरबाई ओरडते, "भाऊ, तिकडं सरका, तुमच्या अंगचं सिमेंट माह्या लुगड्यावर पडून राह्यलं!" सरकला तर तिकडून मनकर्णा, "इकडं कुठी येता भाऊ, इथी माहं पोट्टं झोपलं हाय!" आणि हे एक दिवस नाही, दोन दिवस नाही. दर बुधवारी, सकाळी सात वाजता, केसरबाईच्या छपरीत. हसू नका. तुम्हाला सांगतो, ताप उतरतो, पाहुणा जातो, बुधवार काही टळत नाही.

तर हा गुलाब. घुग्घुसच्या अलीकडं गाव, घर स्वतःचं, शेती नाही. सिमेंट कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पोती भरतो, रात्रपाळी. सकाळी सहाला सुटला की पांढराफटक, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि तसाच्या तसा बायांच्या बैठकीत! आंघोळीला गेला तर उशीर होतो, उशीर झाला तर कोणी उठू शकत नाही, कारण त्या कर्जवाल्या कंपनीचा नियमच तसा... सगळ्यांचा हप्ता जमा झाल्याशिवाय एकही बाई छपरीतून हलायची नाही. एकीनं थकवलं तर बाकीच्यांनी भरायचं. कर्ज बायांनाच मिळतं, गड्याला नाही. मग गुलाब तिथं काय करतो?

तेच तर सांगून राहिलो!

कर्ज त्याच्या बायकोच्या नावाचं. नूतनच्या. चाळीस हजार. हप्ता पाचशे दहा, एकशे चार बुधवार. तिनं घेतलं शिलाई मशीनसाठी. मशीन आलं पंधरा हजारात, आणि उरलेले पंचवीस? ते गुलाबनं उचलले, डब्यातून, न विचारता, आणि संध्याकाळी दारात मोटारसायकल आणून उभी केली. वर हॉर्न वाजवला! नूतन बाहेर आली, गाडीकडं पाहिलं, गुलाबकडं पाहिलं, आणि आत जाऊन मशीनवर बसली. पुढं सहा महिने बोलली ती त्या पंचवीस हजारांचंच बोलली. भांडणं झाली, मधे चार लोक बसले, चार लोकांनी चहा पिला, उपयोग शून्य. शेवटी एप्रिलमध्ये ती मशीन घेऊन माहेरी वडसाला गेली. तिथं नाटकवाल्यांचे कपडे शिवते, राजाचे अंगरखे, राणीचे शालू, काम चांगलं आहे. पोरगी संघप्रिया दहावीत जाणार, शाळा इथं, म्हणून ती बापाकडं राहिली. कोर्ट नाही, कागद नाही. आपलं आपलं वेगळं.

बसस्टँडवर गुलाबनं तिला एवढंच सांगितलं, "तुह्या नावावर कर्जाचा एक रुपया ठेवणार नाई."

ती म्हणाली, "पाहू."

बस्स. त्या 'पाहू'नं घात केला, तुम्हाला सांगतो! शिवी दिली असती तर माणूस विसरला असता.

बासष्ट बुधवार बाकी होते.

गावात अकलेला तोटा आहे का? सुनिल त्याचा जोडीदार, एकाच पाळीत, तो पानठेल्यावर सगळ्यांदेखत, "अबे, नाव तिचं, अंगठा तिचा, अन् तू कायले भरून राह्यला? कंपनीले सांग, जा वडस्याले, धुंडा तिले!" गुलाब म्हणाला, "पैसे खाल्ले म्या. गाडीवर बसलो म्या. अन् धुंडाचं तिले?" सुनिल म्हणाला, "मंग बस बायांत!" "बसतो," गुलाब म्हणाला. आणि बसला.

पहिल्या बुधवारी काय झालं माहीत आहे? कंपनीचा साहेब, अतुल नावाचा, पोरगेलासा, पाठीवर बॅग, हातात टॅब. तो म्हणतो, "चला ताई, शपथ घ्या." सगळ्या बाया उभ्या. गुलाबही उभा. अतुल सांगतो, बाया म्हणतात, "आम्ही सर्व भगिनी शपथ घेतो की..." गुलाबही, "आम्ही सर्व भगिनी..." आणि पुढचं वाक्य काय असावं? "...की कर्जाचा पैसा आम्ही नवऱ्याच्या हाती देणार नाही!"

दहाच्या दहा बाया वळल्या आणि गुलाबकडं पाहू लागल्या.

सिमेंटच्या खाली माणूस लाल झाला तर दिसत नाही, एवढंच त्याचं नशीब. पण मान खाली घातली नाही हो त्यानं! मोठ्यानं म्हणाला, बायांपेक्षा मोठ्यानं, "नवऱ्याच्या हाती देणार नाही!" मनकर्णा पदर तोंडात कोंबून हसली. केसरबाई म्हणाली, "भाऊ, हे आंधी म्हटलं असतं तं इथी आले नसते." गुलाबनं पाचशे दहा मोजून सतरंजीवर ठेवले आणि निघाला. बासष्ट वेळा ती शपथ घ्यायची होती त्याला. बुधवार काही टळत नाही!

आता पगार पाहा. हाती येतात साडेअकरा हजार, ठेकेदाराच्या मर्जीनं. कधी दहा तारखेला, कधी अठराला. रेशनचा तांदूळ आहे म्हणून चूल पेटते, पण तांदूळ कशाशी खायचा? तेल आहे, सिलिंडर आहे, लाईटचं बिल आहे, पोरीचा ऑटो, ट्यूशन, गाडीचं पेट्रोल. गुलाबला हिशेब येत नव्हता. महिन्याच्या वीस तारखेला खिशात हात घालायचा आणि आश्चर्य करायचा! तेव्हा ती पोट्टी उठली. पंधरा वर्षांची. तिनं मांडणीवरचे पाच डबे रिकामे केले, पगार घरात आला की पाच जागी, आणि बुधवारचा डबा सगळ्यात वर, बापाचा हात पुरतो पण आवाज होतो असा. बाप चहा मांडायला गेला की आतून आवाज, "बाबा, हा तिसरा चहा होय. साखर का फुकट येते?" बाप तंबाखू-सुपारीचा खर्रा घेऊन आला की, "किती दिले?" "वीस." "महिन्याचे सहाशे. म्हणजे एक बुधवार अन् वरतून नव्वद." खर्रा सुटला! व्यसनमुक्तीवाले येऊन गेले, भाषणं झाली, पोस्टरं लागली, तेव्हा सुटला नव्हता. नूतन वडसावरून पोरीला पाचशे रुपये पाठवायची, फोनवर. गुलाब म्हणायचा, "ते तुहे. त्याले मी हात लावणार नाई." पोट्टी म्हणायची, "तुमाले लावू कोण देते?"

अशी गाडी चालली सव्वीस बुधवार. आणि दिवाळीच्या तोंडावर कारखान्याची भट्टी दुरुस्तीसाठी बंद. पोती नाहीत, पाळी नाही. ठेकेदार म्हणाला, "महिनाभर आराम करा." आराम! मागचा पगारही त्यानं अडकवला. गुलाब धानकापणीला गेला, पण तिथं मजुरी मिळते कापणी झाल्यावर. मंगळवारी रात्री डबा पाहिला. साठ रुपये.

बुधवारी तो गेला. चुकला असता तर कोणी काय केलं असतं? पण गेला, बसला, आणि म्हणाला, "आज नाई जमलं."

अतुलनं घड्याळ पाहिलं. बायांना कामावर जायचं, कोणाचं कापूस वेचणं, कोणाचा शाळेचा पोषण आहार. शेवटी केसरबाईनं कमरेची पिशवी सोडली, एकावन्न रुपये ठेवले. मग मनकर्णानं एकावन्न. मग एकेक करून दहा जणींनी. पाचशे दहा! एकही वाकडं बोलली नाही. उलट केसरबाई म्हणाली, "होते भाऊ. घर हाय."

टोमणा मारला असता तर तो जेवला असता हो त्या दिवशी. दया केली, घास उतरला नाही. घरी आला, मोटारसायकल पुसली, सुनिलच्या दारात नेली, "घे. साडेअठरा." सुनिल म्हणतो, "अबे पागल झाला का? पाळीले कसा जाशील? नऊ किलोमीटर!" "सायकलनं." "अन् थे बाई वडस्यात मजेत!" गुलाब म्हणाला, "पैसे मोज. बाकीचं मी मोजतो."

साडेअठरा हजार पोट्टीच्या हातात दिले. तिनं बायांचे पाचशे दहा वेगळे काढले. उरलेल्या पस्तीस बुधवारचे सतरा हजार आठशे पन्नास डब्यात घातले. राहिले एकशे चाळीस. म्हणाली, "सायकलची ट्यूब टाका." वाणिज्य घेईल हो ही पोरगी, नाही तर मी नाव बदलतो!

आता तुम्ही म्हणाल, पैसे होते तर एकदम भरून मोकळा काऊन नाही झाला? विचारलं त्यानं. अतुल म्हणाला, "भाऊ, खातं आधी बंद करायचं तर नूतन मॅडमचा अंगठा लागेल, बोलवा त्यांना." बोलवा! 'पाहू' म्हणणाऱ्या बाईला अर्ध्यातून बोलवायचं? "राहू द्या," गुलाब म्हणाला, "बुधवारचा बुधवारी भरतो." पैसे घरात आणि माणूस पस्तीस आठवडे बायांत! थंडीत, उन्हात, सायकलवर, पांढऱ्या भुवया घेऊन. डब्यातले पैसे मागायला भाऊ पत्रू आला, जयंतीच्या वर्गणीवाले आले. पोट्टी दारात उभी राहून सांगायची, "ते पैसे आमच्या घरात हायेत, पण आमचे नाई." बुधवार काही टळत नाही, आणि तिनं कोणाला टाळूही दिला नाही.

आला मग जूनमधला तो शेवटचा बुधवार. पाचशे दहा मोजले. गुलाबनं हात पुढं केला, "कागद द्या. कर्ज संपल्याचा."

अतुल म्हणतो, "भाऊ, कागद नूतन मॅडमलाच मिळेल. अंगठा त्यांचा."

म्हणजे पाहा! बासष्ट वेळा शपथ यानं घ्यायची, कागद मात्र तिला! पण आता कर्ज संपलं होतं, आता बोलवायला लाज नव्हती. पोट्टीनं फोन केला. पुढच्या बुधवारी सकाळच्या पहिल्या गाडीनंही सातला पोचता येत नाही म्हणून नूतन आदल्या दिवशीच येऊन केसरबाईकडं उतरली. सात वाजता गुलाब आला. ती सतरंजीवर बसलेली. एक वर्ष दोन महिन्यांनी समोरासमोर.

"गाडी कुठी हाय?" तिनं विचारलं.

"विकली."

"कितीत?"

"साडेअठरा."

"पंचवीसची गाडी साडेअठराले देली?" ती म्हणाली. "तुमाले काही विकता बी येत नाई!"

तुम्हाला सांगतो, चौदा महिन्यांत गुलाब पहिल्यांदा हसला. पण आतल्या आत.

तिनं अंगठा लावला, टॅबवर हिरवी खूण आली, आणि अतुल एकदम उभाच राहिला. "मॅडम, तुमचा रेकॉर्ड एक नंबर! एकशे चार हप्ते, एकही लेट नाही! तुम्हाला ऐंशी हजार मंजूर होतात, आत्ताच्या आत्ता!"

गुलाब पुढं सरकला. पोट्टीला दहावीला एक्याऐंशी टक्के. चंद्रपूरला अकरावी, तिथं खोली, पुस्तकं. म्हणाला, "साहेब, थे मले द्या ना. भरले तं म्या."

"भाऊ, तुम्ही सिस्टीममध्ये नाहीच."

"बासष्ट बुधवार इथी कोण बसलं होतं?"

"ते मला माहीत आहे भाऊ. सिस्टीमला नाही."

नूतन म्हणाली, "साहेब, ऐंशी नको. चाळीस लिवा. पोरीच्या अकरावीले." मग गुलाबकडं न पाहता, "हप्ता मी भरन."

"तू काऊन? मी भरतो!"

"नाव माहं हाय."

"पोरगी माही बी हाय!"

"यावेळी पैशाले हात तं लावू देणार नाई तुमाले!"

"लावतच नाई! देईन, पण लावणार नाई!"

केसरबाई ओरडली, "अवो, एक बुधवार तुमी भरा, एक बुधवार थे भरन, पण आमाले कामावर जाऊ द्या!" ठरलं. अतुलनं टॅब गुलाबसमोर धरला. "भाऊ, जामीन म्हणून तुमची सही. आणि अर्जदाराशी नातं?"

नूतन सतरंजीचा दोरा ओढत बसली.

"जामीनदार लिवा," गुलाब म्हणाला.

"नातं जामीनदार नसतं भाऊ. इथं चारच आहेत. पती, वडील, भाऊ, मुलगा. कोणतं दाबू?"

गुलाबनं विचार केला.

"हप्ता कोणत्यात कमी बसते?"

"चारहीत सारखाच."

"सारखाच असन," गुलाब म्हणाला, "तं राहू द्या पतीच."