जातो म्हणत नाहीत

नाही नाही, धर तो माइक, खाली कशाला घेतलास? मघापासून बघते मी — त्या टोपीवाल्याला विचारलंस फिल्म कशी वाटली, त्या कॉलेजच्या पोरींना विचारलंस, माझ्या जावेला, सुशीलेला, तर पाच मिनिटं धरून ठेवलंस, आणि मी पुढे झाले तशी तुझं रेकॉर्डिंग संपलं? म्हातारीला फिल्ममधलं काय कळणार, असंच ना? आणि आजी म्हणू नको गो, काकी म्हण, आजी म्हणण्याइतकी नाही झाले मी अजून. कुठली तू? डिचोलीची? बरं. तुझं चॅनल मराठी म्हणून मराठीत बोलते, मध्ये कोंकणी शब्द आला तर आला, आमच्या पेडण्यात दोन्ही एकाच ताटात वाढतात. हां, दिवा पेटला ना तो लाल? मग घे — वाईट. एकदम वाईट फिल्म. कोणी बघू नका. झालं?

हसतेस काय? सगळ्यांनी मस्त मस्त म्हटलं म्हणून मी पण म्हणायचं? ती सुशीला तुला काय म्हणाली, मी ऐकलं सगळं — 'आमचं केरी किती सुंदर दिसलं हो, रडूच आलं मला!' अगो, केरी तुला रोज दिसतं, रोज रडतेस का? हल्ली गोव्यावर फिल्म म्हटली की तेच तेच. मागच्या महिन्यात पुतण्यानं, रुद्रेशनं, मोबाइलवर एक दाखवली, तिच्यात सगळा गोवा दारू पिऊन पडलेला. ह्या फिल्मीत कोणी दारू पीत नाही तर सगळेच शहाणे, सगळे समुद्राकडे बघून बोलतात. समुद्राकडे बघून कोण बोलतो? मासे आले की नाही तेवढं बघतात आणि घरी येतात. आणि मुंबईची ती पोर मन बरं व्हावं म्हणून आमच्याकडे येते — आमची मनं बिघडली तर आम्ही कुठे जायचं ते नाही सांगत कोणी! आणि ते रांधप? त्या बाईनं चुलीवर भात ठेवला आणि मागे माझा गॅसचा सिलिंडर दिसतो, लाल लाल. हो, माझा. माझंच घर ते.

नव्हतं माहीत तुला? सुशीलेनं सांगितलं नाही? घराबद्दल नाही सांगितलं, तिचा हात एका ठिकाणी दिसतो तेवढं बरं सांगितलं! तो फेरीबोटीवरचा म्हातारा बघितलास ना फिल्मीत, मुंबईच्या पोरीला नदीपार तेरेखोलला नेतो आणि मग बुडून मरतो — ते आमचे हे. नाव मी घेत नाही, शेवटी पाट्या आल्या त्यात आहे, बाबली म्हणून, सगळ्यात खाली, वाचेपर्यंत लाइटी लावल्या मेल्यांनी. फेरीवर तीस वर्षं नोकरी केली ह्यांनी खरीखुरी, आणि जत्रेच्या नाटकात त्याहून जास्त. राजा म्हणू नको, कपटी मामा म्हणू नको, सगळं केलं. माइक घेत नसत. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं नाही तर तो नट कसला, असं म्हणायचे. गावात ह्यांना चेहऱ्यानं कोणी ओळखत नव्हतं, आवाजानं ओळखायचे. पलीकडच्या धक्क्यावरून हाक मारली की मी इकडे चहा ठेवायची. थट्टा नाही करत, खरंच ठेवायची.

गेले. गेले म्हणजे — गेले गो. गणेशचवथीच्या आधी आठ दिवस. वर्ष व्हायचं आहे अजून. म्हणून तर घरात थोडं बोलणं झालं, वर्ष झालं नाही आणि ही थेटरात चालली म्हणून. मी म्हटलं, बोला. श्रीनाथची मिनीबस ठरवली होती गावानं, अठरा जणं आलो, मी पहिली जाऊन खिडकीकडे बसले. कशाला आले मी, फिल्म बघायला? फिल्मीचं मला काय पडलंय! आवाज ऐकायला आले. घरात ह्यांचा आवाजच नाही. नाटकाचं कोणी कधी धड रेकॉर्डिंग करून ठेवलं नाही, रुद्रेशच्या मोबाइलवर एक तुकडा आहे, त्यात हे खोकतात आणि म्हणतात, 'बंद कर रे ते.' एवढाच. तीस-चाळीस वर्षं अख्ख्या गावाला ऐकू गेलेला माणूस, आणि माझ्याकडे उरलं काय तर बंद कर रे ते.

आता ऐक, शब्दाची गोष्ट सांगते, ती घे तुझ्या त्यात. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या आधी, चांगले नऊ दिवस शूटिंग चाललं आमच्याकडे. ह्यांना बोलायचं एकच वाक्य. सकाळी म्हातारा फेरीवर निघतो, उंबऱ्यावर थांबतो, बायकोला सांगतो, आणि त्याच दिवशी बुडतो. कागदावर लिहिलेलं, 'जातो मी.' हे म्हणाले, मी येतो म्हणणार. डायरेक्टर म्हणतो, काका, जातो म्हणा. हे म्हणाले, आमच्यात उंबऱ्यावरून जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. जातो म्हणणं म्हणजे — तुला कळतं ना? तुमच्या डिचोलीत पण तेच असणार. तो डायरेक्टर हुशार, म्हणाला, बरोबर काका, म्हणूनच तर, तो परत येणार नाहीये, लोकांना ते लागलं पाहिजे. तर हे काय म्हणाले माहीत आहे? मी आतून ऐकत होते, जनेलाच्या, खिडकीच्या गो, मागून. म्हणाले, 'ते तुम्हाला ठाऊक, लोकांना ठाऊक. त्याला कुठे ठाऊक आहे? त्याला संध्याकाळी घरी यायचं आहे. तो येतोच म्हणणार. मरणारा माणूस येतो म्हणूनच निघतो.' मग अकरा वेळा तेच वाक्य घेतलं, अकराही वेळा ह्यांनी येतो म्हटलं. शेवटी त्यानं हात जोडले, ठीक आहे काका, येतो तर येतो. त्या दिवशी हे जेवायला बसले तर मान अशी ताठ, फोंड्याला नाटकाचं बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा तशी नव्हती.

आणि आज काय ऐकलं मी? तू पण ऐकलंस. पडदाभर माझं दार, त्यात हे उभे, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं — ते मी लावायचं राहिलं होतं, ते पण दिसलं मेलं — आणि तोंड उघडलं आणि आत दुसराच माणूस. जाड आवाज, नाकातून, मालवणीपण नाही, कोंकणीपण नाही, गोव्याचा म्हातारा असाच बोलतो असं कोणीतरी मुंबईत ठरवलेलं बोलणं. 'जाऽऽतो मी.' ओठ येतो म्हणतायत गो! मी बघितले ना ओठ, मला नाही कळणार? ओठ येतो म्हणतायत आणि ऐकू येतं जातो. मी उठून उभीच राहिले. मागून कोणीतरी म्हटलं, मावशी बसा. सुशीलेनं पदर ओढला माझा, आणि मध्यंतरात काय म्हणते? 'आवाज तेवढा वेगळा वाटला हां, पण भावजी केवढे मोठे दिसले!' मोठे दिसले! मोठे करून काय करू मी, भिंतीला लावू?

बांबोळीच्या इस्पितळात नेलं त्या दिवशी ह्यांना ॲम्ब्युलन्सकडे नेताना छातीत एवढं दुखत होतं, घामानं भिजलेले, तरी उंबऱ्यावर स्ट्रेचर थांबवायला लावलं आणि मला म्हणाले, 'येतो गो.' आणि आले नाहीत. ते मी सोसलं. ते कोणाच्या हातात होतं? पण जातो म्हणून गेलेले मी ह्यांना कधी बघितले नव्हते. ते आज बघितलं. माझ्याच दारातून.

डायरेक्टरला विचारायचं? मी विचारणार होते, मध्यंतरातच रुद्रेशला म्हटलं, लाव फोन. तो म्हणाला काकी, डबिंग असतं ते, शूटिंगच्या वेळी वारा असतो, फेरीचं इंजिन असतं, आवाज खराब येतो, मग नंतर परत बोलून घेतात. माणूस मिळाला नाही की दुसऱ्याकडून घेतात. माणूस मिळाला नाही की! आता तू सांग, तू ह्यातली आहेस, असंच असतं? आधी त्या माणसाला फोन करतात? — करतात. करतात ना. करतातच.

केला होता.

चैत्रात. काजू पडत होते खाली आणि वेचायला मी एकटी, हे रोज उठून तिठ्यावर, अकरा वेळा येतो कसं म्हटलं ते सांगत, ऐकणारे कंटाळले तरी ह्यांचं सुरूच. बोंडू सडून वास मारत होते, माझ्या पाठीचा काटा ढिला, घरात दाराला त्यांनी निळा रंग फासलेला, दोन कदेलं मोडलेली — खुर्च्या गो, कदेलं म्हणजे — इतकी चिडलेली होते मी त्या फिल्मीवर. आणि फोन आला, ह्यांचा फोन, तो हे घरीच विसरायचे. एक पोरगी, तुझ्यासारखीच गोड बोलणारी. 'बाबलीकाकांना डबिंगला पाठवाल का पणजीला? दोनच तास.' डबिंग. मी काय समजले सांगू? डबल. म्हणजे परत तेच दुसऱ्यांदा करून घेणार. मी म्हटलं, एकदा करून दिलं ना अकरा वेळा, आता डबल कशाला? ते काही येणार नाहीत. ती म्हणाली, काकी, आवाज लागेल हो. मी म्हटलं — तुमच्याकडे एवढी माणसं आहेत, कोणीतरी बोला.

कोणीतरी बोला. माझे शब्द. मग कोणीतरी बोलला.

आणि हे रोज संध्याकाळी विचारायचे, 'फोन आला होता गो कोणाचा?' डायरेक्टरनं सांगून ठेवलं होतं म्हणे, आवाजासाठी बोलावू म्हणून. मी म्हणायची, नाही. कोणाचा येणार? पहिल्यांदा रागानं म्हटलं. मग एकदा नाही म्हटल्यावर हो कसं म्हणायचं? पाऊस लागला तरी विचारत होते. अंगणात तुळशीकडे उभे राहून म्हणून बघायचे, येतो. येतो गो. असं म्हणू की तसं म्हणू, मला विचारायचे. मी म्हणायची, कसंही म्हणा, जेवायला या आधी.

हे मी कोणाला — सुशीलेला नाही माहीत. रुद्रेशला नाही माहीत. तो दिवा चालू आहे का अजून? बंद कर. नाही, आधी ऐक, ते फोनचं काप. कापता येतं ना? फिल्मवाल्यांना येतं, तुला येत नाही? सुरुवातीचं राहू दे, वाईट म्हटलं ते, सिलिंडरचं राहू दे, आणि जातो-येतोचं तर ठेवच, गावोगाव कळू दे. आवाज माझ्यामुळे गेला, मान्य, माझ्यामुळे गेला. पण शब्द? शब्द बदलायला कोणी सांगितलं होतं त्यांना? हात जोडून हो म्हटलं होतं त्यानं! हे गेले असते पणजीला, तर तिथे पण भांडले असते, बाराव्यांदा येतोच म्हटलं असतं. ते भांडायला मी पाठवलं नाही. हे पण काप. हे पण माझ्याबद्दलच झालं.

काय, स्टार? पाचपैकी? तुला सुचतं तरी कसं गो आता विचारायला! बरं, एक दे. नको, दोन दे. उंबऱ्यावर ते उभे राहतात तेवढं चांगलं आहे, पायात चपला घालतात ना वाकून, ते कोणी शिकवलेलं नाही, ते तसेच घालायचे. तेवढ्यापुरते दोन.

आला श्रीनाथचा हॉर्न. आले रे, आले! सगळे बसले, मीच राहिले, आता विचारतील एवढं काय सांगत होतीस म्हणून. सांगेन, फिल्म वाईट म्हणून सांगत होते. तू आवर तुझं ते यंत्र. काय म्हणालीस? — बाय काकी, जाते मी?

जाते? एवढा वेळ तोंड कोणासमोर झिजवलं मी? येते म्हण. लाजतेस काय, दिवसभर त्या माइकसमोर बडबडतेस ना? म्हण. — असं नाही, पुटपुटून नाही. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. — हां.

आता जा.