बिस्किटाच्या रंगाचा प्लग

आदरणीय अध्यक्षा श्रीमती डेलिथ मॉर्गन, आजचे सत्कारमूर्ती श्री. इद्रिस प्यू, त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलेले आमचे खजिनदार हवेल, आणि चॅपलच्या या गारठलेल्या सभागृहात कोट न काढता बसलेल्या आपल्या मोटरसायकल मंडळाच्या सभासदहो,

निरोपाचं भाषण मी केव्हाच लिहून ठेवलं होतं. माझीच मेहनत वाया गेली म्हणा ना! का, ते सांगते.

बायको मेरेरिड वारल्यापासून इद्रिसने गॅरेज उघडलं नव्हतं, हे आपण जाणताच. मागच्या सीटवर बायको नाही तर गाडी हवी कशाला, असं त्याचं म्हणणं. लेकीकडे कायमचं जायचं ठरलं, गाडीला गिऱ्हाईकही मिळालं. आम्हाला धास्ती एकच होती. गाडी गेली की हा माणूस खुर्चीत बसणार, आणि एकदा बसला की उठणार नाही.

मग आम्ही शक्कल लढवली. गाडी धुऊन देतो असं सांगून हवेलने गॅरेजची किल्ली मागून ती नेली आणि मंडळातर्फे नवा, मोकळा सायलेन्सर बसवला. वाटलं, आवाज ऐकून तरी मन पालटेल. पण कार्बोरेटरला कुणी हात लावला? इतके जाणकार आपण, एकाच्याही डोक्यात आलं नाही!

भेट नाकारायची कशी, म्हणून इद्रिस चढावर गेला. गाडी फटाके फोडत अर्ध्यावर बंद पडली. ती ढकलत तो थेट हवेलच्या दारात आला.

"धूर जायला हमरस्ता केलास, आणि पेट्रोल यायला बोळच ठेवलास? माझं इंजिन जाळतोस काय?"

माझं, म्हणाला. मंडळी, मला तेवढं पुरलं.

रविवारी त्याने स्वतःच्या हाताने गॅरेज उघडलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट काढून मोठा घातला आणि मला म्हणाला, "नेरिस, बस मागे. बिस्किट घे." आपल्याकडची रीत ठाऊकच आहे: पूर्ण वेगात चढ चढायचा, वर इंजिन बंद करायचं, स्पार्क प्लग काढून चहाच्या बिस्किटाशेजारी धरायचा. पांढरा निघाला तर पेट्रोल कमी, काळा तर जास्त, बिस्किटाच्या रंगाचा तर बरोबर. बिस्किट धरायचं काम कायम मेरेरिडचं. ते माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा पांढरा. मग त्याहून मोठा जेट, तर काजळीने काळाकुट्ट. मधला जेट घातल्यावर मात्र प्लग कुठला आणि बिस्किट कुठलं, सांगता येईना. इद्रिसने प्लग परत बसवला. मग बिस्किट मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"रंग जमला की ती हेच करायची," म्हणाला. आम्ही दोघांनी ते तिथेच वाऱ्यात उभं राहून खाल्लं.

उतरताना म्हणाला, गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवतो, लेकीकडे गाडीवरूनच जाईन. पण जेट नवा आहे, थोडी चालली की वसंतात प्लग पुन्हा बघायला हवा. मी मुद्दामच विचारलं, "तिकडे नाही का बघता येणार?"

"तिकडे सगळं सपाट," तो म्हणाला. "चढ इथेच आहे ना."

तेव्हा अध्यक्ष महोदया, या समारंभाला निरोप म्हणावं की नाही, ते आपणच ठरवा. चहा करणाऱ्या भगिनींचे आभार, आणि हवेल, तुझ्या चुकीचेही. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. फक्त बिस्किटं सगळी संपवू नका. वसंतात एक लागणार आहे.