रेडिओची घरघर

तुमास्नी पटणार न्हाई, पण गाडीला ते पांढरं एचआयडी हेडलाइट बसवलं आणि आमच्या घरात चमत्कार सुरू झाला. कारखान्यातनं कवाबी सुटू दे, फोन न करता, मी दारात गाडी लावली की ताट वाढलेलं. आमटीची वाफ सुद्धा मोडलेली नसायची. शेवटी विचारलंच, "आई, तुला कळतं तरी कसं गं?"

"तू वळणावर आलास की माझा रेडिओ घरघरतोय. मग मी उठती."

मला वाटलं, माझ्या लाइटपायी बिचारीची गाणी खराब होत्यात. मलकापूरच्या मेकॅनिकनं लाइटची अर्थिंग थेट बॅटरीला जोडली, वायरींवर तारेची जाळी चढवली. घरघर साफ गेली.

त्या संध्याकाळी आलो तर ताट न्हाई. आई रेडिओला कान लावून बसलेली. मला बघून दचकलीच.

"आज ह्यो बोललाच न्हाई रं. मला वाटलं, कुठं पडलास का काय."

"आता वळणावर हॉर्न मारत जातो की."

"हॉर्न काय, समद्यांचाच वाजतोय," आई म्हणाली. "घरघर तेवढी तुजी व्हती."