ब्रेकमधली हवा

नाही नाही काका, त्या बाजूने नको, ते दार बाहेरून उघडतं पण मग बंदच होत नाही — तुम्ही इकडून या, हां, डोकं सांभाळा, वर सायकल टांगलीय. बाबा येतीलच इतक्यात. बाबा म्हणजे माझे सासरे, तुम्ही फोनवर बोललात ते. गाडी त्यांचीच. सगळे शोरूममध्ये गेलेत, सात सीटच्या गाडीचा रंग ठरवायला. ही गेली की ती येणार — केवढंसं हे गॅरेज, दोन काही मावायच्या नाहीत. जाताना मला म्हणाले, सूनबाई, गिऱ्हाईक लवकर आलं तर गाडी दाखव, बोलायचं मी बघतो. तू काय बोलणार म्हणा, म्हणाले. खरंय ते. मी घरात फारशी बोलतच नाही, विचारा कुणालाही. आणि मी का नाही गेले? तर भाड्याच्या गाडीत मीच मावले नाही. सात माणसं निघाली सात सीटची गाडी बघायला आणि भाड्याने मागवली ती सहा सीटची. हसू नका. ह्या घराचं आणि सीटांचं कधी जुळलेलंच नाही.

आता हीच घ्या ना, दोन सीटची. बाबांनी घेतली तेव्हा ते एकटे होते, मग आई आल्या — सासूबाई — तोवर ठीक होतं. पुढे मुलं झाली, आजी राहायला आल्या, पण गाडीला काही तिसरी सीट फुटली नाही. आणि चालवणार फक्त बाबा. त्यामुळे माझं लग्न झालं ना, तेव्हा मी सासरी आले ती सासऱ्यांच्या शेजारी बसून. नवरा मागून टेम्पोत, माझ्या कपाटाबरोबर. वाटेत टेम्पो आमच्या पुढे गेला. म्हणजे स्पोर्ट्स कारला टेम्पोने मागे टाकलं, आणि कपाटाला धरून बसलेला माझा नवरा मला हात हलवत होता. लोकांना वाटलं असेल, वरात कपाटाचीच आहे.

तर बघा. मी काही लपवणार नाही हं, आधी वाईटच सांगते. दाराखालचा हा पत्रा — दाबू नका! — गंजलाय. वरून चकचकीत दिसतो, आत लांबी भरलीय, रंगाआधीची पुट्टी. लोहचुंबक आणलंय तुम्ही? वा. लावा, लावून बघा. पडलं ना? तिथे पत्राच नाही, नुसतं पीठ भरल्यासारखं आहे. जुन्या गाडीत पाणी वरून दिसत नाही काका, छताच्या कापडातून आत झिरपतं आणि पायाखालच्या गालिच्यात मुरतं, म्हणून गालिचा उचलून बघायचा, रंगाला भुलायचं नाही. टायर बघा. नक्षी कोरी करकरीत आहे, पण नक्षी नसते बघायची, जन्मतारीख बघायची, ती बाजूला छापलेली असते — स्थळ बघतात तसं, चेहरा नंतर. हे टायर माझ्या धाकट्या दिराच्या वयाचे आहेत. आणि कार्बोरेटर दोन. दोघी जावाच म्हणा ना. एकीने श्वास जास्त घेतला की दुसरी गुदमरते, मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं पाळीपाळीने दोघींच्या तोंडाशी धरायचं, फुस्स आवाज सारखा येतोय का ऐकायचं आणि स्क्रू केसाएवढा फिरवायचा. पाऊण तास जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा अबोला.

तुमचे डोळे का चमकतायत? — नाही, मी गंज म्हणाले. गंज! — आवडतोय? अहो काका, उजवीकडे वळायचा दिवा लावला की वायपर फिरतो हिचा. कोणीतरी सगळ्या वायरी एकाच रंगाच्या घातल्यात, पिवळ्या, बहुतेक स्वस्त मिळाल्या असतील. — तेही आवडलं? देवा. म्हणजे तुम्ही त्यातले. आमचे हे सुद्धा त्यातलेच — माझे मिस्टर — बिघाड सांगितला की भूक वाढते त्यांची.

बरं, मग खरं सांगते, मघाशी मी गंमत केली. सगळं बदललंय. काही काही जुनं राहिलेलं नाही. प्लगला ठिणगी देणारे ते जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवलंय, रेडिएटरला विजेचा पंखा लावलाय, बटण दाबलं की सुरू, चावी म्हणजे नुसती शोभेला. आवाजच नाही. इतकी आज्ञाधारक आहे की कंटाळा येईल. — बघा, आता कसं तोंड उतरलं तुमचं! बरोबर आहे, तुम्हाला जुनी हवी, नवी कशाला हवी, नवी तर शोरूममध्येही मिळते. मग काय, चहा करू का? चहा घ्या आणि निघा, बाबांना मी सांगते की — नाही, बॉनेट नका उघडू. काका. — उघडलंच.

हो. ते जुनेच पॉइंट आहेत. हो, पंखाही जुनाच, पट्ट्याचा. मी काय म्हणते, तुमची दृष्टी फार चांगली आहे ह्या वयात.

बदलायचं असेल ना, तर ऐका. घेऊ नका, पण घेतलीत तर ऐका. लोक आधी इंजिनाची ताकद वाढवायला धावतात. आधी थांबायचं बघावं, मग पळायचं. आधी रबरी नळ्या सगळ्या नव्या, पेट्रोलच्या तर आधी, भेग पडली की आग. मग टायर, मग ब्रेक, मग वायरी, आणि सगळ्यात शेवटी हौस. आणि उभी ठेवायची नाही. माणूस पडून राहिला की दुखणं धरतो तसंच हिचं — आठवड्यातून एकदा तरी चालवा, नुसती जागेवर गुरगुरवून ठेवली तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून सडतो. ब्रेकचं तेल दोन वर्षांनी बदलायचं, गाडी पळो न पळो, कारण ते हवेतली ओल पितं. हे सगळं मला कुठून माहीत? ऐकून ऐकून. मी रोज संध्याकाळी इथेच असते. ब्रेकमधली हवा काढायला.

रोज, हो. — रोज का म्हणजे? हवा असते म्हणून. एकट्याचं काम नाही ना ते, तुम्हाला ठाऊकच असेल — एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाशी झोपून निपल, म्हणजे चाकामागचा तो छोटा स्क्रू, सैल करायचं, नळीतून तेल बाटलीत येतं, त्यात बुडबुडे. तो, म्हणजे माझा नवरा, म्हणणार दाब, मी दाबणार. तो म्हणणार धर, मी धरणार. मग तो निपल आवळणार आणि म्हणणार सोड. चार चाकं. आई मधूनमधून स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारतात, निघाली का रे हवा? तर तो म्हणतो, थोडी राहिली. म्हणून बाबाही गाडी बाहेर काढत नाहीत. लग्नाला सहा महिने होतील. थोडी राहिलीच आहे.

बसा, बसून बघा ना. सीट मागे जात नाही, गुडघे पोटाशी घ्या. आता ब्रेक दाबा. हवा असली की पाय कसा लोण्यात गेल्यासारखा जातो, तसं — नाही, थांबा. दाबू नका. काका, दाबू नका म्हणते ना —

कळलं तुम्हाला.

दगडासारखा लागला ना? पाय जरासुद्धा खाली जात नाही. हो. पहिल्या आठवड्यातच निघाली सगळी हवा.

आता असं बघत राहिलात तर मला सांगावंच लागेल. आमची खोली आहे ना वर, ती खोली नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे. पलीकडे आजी. आजींना समोरासमोर बसून ऐकू येत नाही, पण प्लायवूडमधून सगळं येतं. लग्न झाल्या झाल्या ह्यांनी मला हळूच विचारलं, इथे कंटाळा येतो का तुला? मी अजून तोंड उघडतेय, तर पलीकडून आजी म्हणाल्या, येतो. त्यानंतर आम्ही खोलीत बोललोच नाही. हॉलमध्ये आई-बाबा, स्वयंपाकघरात नणंद, गच्चीवर दीर व्यायाम करतो. बाहेर जाऊ म्हटलं तर कुठे, कशाला, मीही येते. मग एके दिवशी ह्यांना खरंच ब्रेकमधली हवा काढायची होती, दीर घरी नव्हता, म्हणून मला बोलावलं. मी आत, हे चाकाशी आडवे. मला नुसते बूट दिसत होते. आणि काका, बुटांशी बोलायला फार सोपं जातं. तोंड दिसत नाही ना. मी म्हटलं, अहो, मला माझी नोकरी पुन्हा करायची आहे. बूट जरा हलले. मग खालून आवाज आला, कर ना, आणि मला अहो म्हणू नकोस, मला मीच बाबा झाल्यासारखं वाटतं. तेव्हापासून गॅरेजमध्ये अरे आणि घरात अहो. दार ओलांडताना जीभ बदलावी लागते, चपला बदलतात तशी. आमचं पहिलं भांडण पण इथलंच. तो ओरडतोय दाब, दाब, आणि मी पाय वर घेऊन बसलेली. आणि पहिल्यांदा तो रडला तोही इथेच — कशावरून ते नाही सांगणार — बाटलीत बुडबुडे आले म्हणून मला वाटलं हवा निघाली, तर तो नळी तोंडात धरून बसला होता, हुंदका ऐकू येऊ नये म्हणून. हा पूर्ण वेडेपणा आहे, मला कळतं. ब्रेकचं तेल विषारी असतं. मी त्याला साबणाने तोंड धुवायला लावलं.

आणि दीर, तो फार गुणी, त्याला वाटलं वहिनीचे हाल होतायत. त्याने एकट्याने हवा काढायचं एक यंत्र आणून दिलं. छोटी बाटली, तिला पंप. ब्रेक दाबायला माणूसच नको. कौतुकाने आणलं हो. जुन्या गाडीत दहा सुधारणा करा काका, हवं तर इंजिन बदला, पण ती एक सुधारणा करू नका. कुठे आहे ते? हरवलं. — तुमच्या उजव्या हाताला ते सिमेंटचं पोतं आहे ना, त्याच्यात हरवलं.

सात सीटची चांगलीच असणार. सगळे एकत्र जातील, खिडक्या बंद, गार हवा, आजी मधल्या रांगेत. तिचे ब्रेक कंपनी बघणार. वर्षातून एकदा शोरूममध्ये. त्या गाडीत मी त्याच्याशी कशी बोलू, सांगा ना. तिसऱ्या रांगेतून? आणि अहो म्हणून? त्यालाही विकायची नाही, पण बाबांना नाही म्हणणं त्याला जमत नाही, आजवर कधी जमलेलं नाही, आज रंग निवडायला गेला तेव्हा मान अशी खाली घालून गेला, जसा काही तोच विकला जातोय.

बायको आहे ना तुम्हाला? — हां. मग तुमच्या गाडीचा ब्रेक कोण दाबतं? — तीच? — किती वर्षं? — अरे बापरे. आणि हवा निघाली का?

ते आले. फाटक वाजलं. काका, तुम्ही उतरा आधी — गुडघा — हां — बॉनेट मी लावते. आता मी बोलणार नाही, तुम्ही काय ते बघा.

आलात, बाबा? — हो, हे लवकर आले. — हो, दाखवली. — मी? मी काय बोलणार, मला काय कळतं गाडीतलं. — अहो, तुम्ही आजींना हात द्या ना, उतरताना पडतील. — त्यांनाच विचारा, बाबा, त्यांनी सगळं बघितलंय.

काय म्हणालात, काका? जरा मोठ्याने बोला, बाबांना डाव्या कानाने कमी येतं. — ब्रेकमध्ये हवा आहे. हो बाबा, तसंच म्हणतायत. — आणि? — अशी गाडी कुणी घेणार नाही, आणि भंगारात टाकलीत तर पाप लागेल. — किती दिवस लागतील म्हणता? — दिवस नाहीत, वर्षं. जुन्या गाडीतली हवा जुनी असते, घाई केली तर आत जाऊन बसते. — ह्यांच्या घरी तेवीस वर्षं चाललंय, बाबा. — दोघांनी? — हो, दोघांनीच करावं लागतं म्हणतायत, तिसरा जवळ आला की पुन्हा हवा शिरते.

बरं बाबा, हवा निघेपर्यंत राहू दे म्हणता तर राहू दे.

या हं, काका. फाटक ओढून घ्या. आणि लवकर निघा, तुमची पाठ हसतेय ती बाबांना दिसेल.