साहेबांचं रिटर्न

ऐन हिवाळ्यात आलेल्या बकरी ईदच्या सुट्टीआधी दुबईच्या करामातल्या ट्रॅव्हल एजंटकडे माझ्यापुढे एक मराठी जोडपं आणि त्यांची मुलगी रांगेत होती.

"कुंदा, बर्फ म्हणजे काय, पांढरी वाळूच. मी दर शुक्रवारी ड्यून्सवर गाडी घालतो."

"घालता आणि रुतवता. परवा त्या पठाणाच्या पिकअपने ओढून काढलं."

"टायरची हवा कमी करायला विसरलो होतो."

"मग गुलमर्गला स्कीची हवा कमी करा."

"बाबा, ॲव्हलांच डझन्ट केअर."

"केया, यू कीप क्वाएट. अगं, ताजा बर्फ पडला की थोडं थांबायचं, खालच्या थराला चिकटू द्यायचा. एवढंच."

"थांबायला सुट्टी कुठे आहे तुम्हाला?"

"म्हणून तर गाईडला फोन केला. सरळ विचारलं, वरचा उतार घसरणार नाही ना?"

"काय म्हणाला?"

"इन्शाल्ला नाही घसरणार म्हणाला."

"आपला एसीवाला काय म्हणाला होता? आज येतोस का विचारलं तेव्हा?"

"इन्शाल्ला."

"आणि आला कधी?"

"थंडी पडल्यावर. पण हा काश्मिरी आहे गं. तो मनापासून म्हणतो."

"म्हणजे खरंच देवावर सोडलंय. मग तर आणखी वाईट."

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला.

"साब, तीनों का रिटर्न कन्फर्म कर दूँ?" एजंटने विचारलं.

"मेरा और बेटी का कन्फर्म करो," कुंदाबाई म्हणाल्या. "साब का इन्शाल्ला."