खालची उजवी दाढ, उजवा कान

नाही, नाही, बोलायचं नाही, साहेब. काय असेल ते मानेनं सांगा. गुदमरतंय का? — नाही ना? मग नाकानं श्वास घ्या, निवांत, आणि लाळ गळाली तर गळू द्या, त्यासाठीच तर गळ्यात रुमाल बांधलाय. हा गुलाबी लगदा दातांवर बसून घट्ट झाला की माप तयार. म्हणजे घट्ट तो कधीच झालाय, त्याला काय, दोन मिनिटं लागतात — पण डॉक्टर सांगून गेलेत ना, "मी आल्याशिवाय काढू नका," मग मी कशी काढणार? मी पडले असिस्टंट. येतील. आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसलेत. ऐकू येतंय? टक... टक... एका बोटानं चाललंय. दातातलं इतकं नाजूक काम करणारा माणूस, पण कीबोर्ड पुढ्यात आला की एका अक्षरासाठी अख्खी गल्ली पालथी घालतो.

डोळे मोठे करू नका, कळलं मला काय विचारताय. दाढ दुखते तर माप कशाला, असंच ना? सांगितलं असतं हो — पण नको — बरं, सांगतेच, नाही तरी आत्ता तुम्ही कुणाला सांगणार आहात! तुम्ही ज्यांना कान दाखवता ना, पुलापलीकडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई, त्या आमच्या डॉक्टरांच्या सख्ख्या बहीण. थोरल्या. माहीत नव्हतं? कुठून असणार, दोघं एकमेकांचं नावसुद्धा घेत नव्हते. आणि भांडण कशावरून? इस्टेट नाही, काही नाही — दुखण्यावरून! ह्यांच्या आईंना मागे एकदा उजव्या बाजूला दुखायला लागलं, तुमचं जिथं दुखतं ना, अगदी तिथंच, कानाच्या पुढे, दाढेच्या वर. डॉक्टर म्हणाले दाढ, ताई म्हणाल्या कान. आता कान आणि दाढ म्हणजे शेजारी-शेजारी, भिंत एकच, पण घरमालक दोन. डॉक्टरांनी आईंना इथं, ह्याच खुर्चीत बसवून दाढ काढली. त्याच आठवड्यात ताईंनी तिकडे कानात औषध घातलं. आणि दुखायचं थांबलं. झालं! कुणामुळे थांबलं? हे म्हणतात माझ्यामुळे, त्या म्हणतात माझ्यामुळे. शब्दानं शब्द वाढला — त्या म्हणाल्या, "आईची धडधाकट दाढ उपटलीस," हे म्हणाले, "चार थेंब घातलेस आणि श्रेय घेतेस?" — आणि आई काय करत होत्या? ह्यांच्यासमोर "तुझ्यामुळेच रे बाबा," ताईंसमोर "तुझ्यामुळेच गं बाई." आईंची गेली दाढ, अक्कल गेली ह्या दोघांची. वर्षं लोटली साहेब. आई ताईंकडे राहतात. रविवारी लेकाला भेटायला येतात तेव्हा ताईंची गाडी कोपऱ्यावर थांबते, दारापर्यंत येत नाही. आणि गाडी वळून जाईपर्यंत आमचे डॉक्टर पडद्याआड उभे. पडदा हलतो ना, मी बघते.

मग ही नवी सिस्टिम आली. आधी कसं, आमची माहिती आमच्या मशीनमध्ये, ताईंची ताईंच्या, हॉस्पिटलची तिसरीकडे, कुणाचं कुणाला कळायचं नाही — माणसंच बोलत नव्हती तिथं मशीन काय बोलणार! कंपनीच्या बाई शिकवायला आल्या, म्हणाल्या, आता सगळे दवाखाने एकाच जाळ्यात, पेशंटची अख्खी हकिगत एका पडद्यावर, आणि कुलूप असं की चिलट आत शिरणार नाही. पेशंटचा अंगठा लागतो, मोबाईलवर नंबर येतो, कुणी कुणाचं पान उघडलं ते नावानिशी उमटतं, का उघडलं तेही लिहावं लागतं, आणि एकदा लिहिलेलं ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. डॉक्टर फणफणले, "माझ्या पेशंटच्या दातांत बाहेरच्यांनी का डोकावायचं?" पण त्या बाई जिना उतरतात न उतरतात तोच ह्यांनी पहिलं पान कुणाचं उघडलं असेल? आईंचं! — हो, अंगठा लागतो, पण घरच्या डॉक्टरला सवलत असते. ती सवलत आईंनी दोघांनाही देऊन ठेवलेली. विचारा कुणाच्या सांगण्यावरून? कुणाच्याच नाही, स्वतःच्या मनानं. पक्क्या आहेत आई.

तर पडद्यावर वर ह्यांची दाढ, खाली ताईंचा कान, आणि त्याच्याही खाली तिसरीच नोंद. चष्म्याच्या दुकानातली, त्याच आठवड्यातली. "चष्म्याची काडी कानामागे रुतत होती. सैल करून दिली. दुखणे थांबले." — हसू नका! हसू नका साहेब, माप निसटेल! — डॉक्टर नुसते बसून राहिले. खुर्चीत एक पेशंट भूल देऊन बसवलेला, त्याची भूल उतरली, तो बिचारा आ करून थकला, तरी हे हलेनात. काडी! एवढी वर्षं काडीवरून! आणि मग त्यांची नजर तळाशी गेली. हे पान त्याच सकाळी कुणी पाहिलं, तर ताईंनी. म्हणजे ताईंना कळलं होतं. आणि ह्यांना कळलं हे ताईंना कळणार होतं. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? फोन उचलला असता. पण ह्यांनी काय करावं — दुसऱ्या दिवशी पुन्हा आईंचं पान उघडलं, ताई येऊन गेल्या का बघायला. ताईंनीही उघडलेलं. मग रोजच. कारणाच्या जागी हे लिहायचे "दातांची तपासणी", त्या लिहायच्या "कानाची तपासणी". सिस्टिमला वाटलं म्हातारीचं काही खरं नाही. तिनं आईंना परस्पर निरोप धाडला — "आपल्या प्रकृतीवर तज्ज्ञांचे सतत लक्ष आहे. घाबरून जाऊ नये." आई इतक्या घाबरल्या की हॉस्पिटलची पिशवी भरून बसल्या, इकडे फोन केला, "खरं सांग, मला काय झालंय रे?" हे म्हणाले, "काही नाही आई. चष्मा नीट बसतोय ना?" — आईंनी फोनच ठेवून दिला.

आणि अशात तुम्ही आलात. देवमाणूस हो तुम्ही! दाढ की कान, कळत नाही, म्हणत आलात. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, स्वच्छ. तुमची दाढ ठणठणीत आहे साहेब, पहिल्याच दिवसापासून. तुम्ही झोपेत दात आवळता, त्यानं गालाचा स्नायू दुखतो, थोडा शेक घेतला की — अगंबाई. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का हे? — बरं. बरं, आता सांगितलं ना मी. तर डॉक्टर हात पुसत उभे, कोरडे झालेले हात पुसताहेत, आणि मला म्हणाले, "लिहा, दाढ ठीक. खात्रीसाठी पुलापलीकडे कान दाखवावा." मी लिहिलं, आणि खाली लिहिलं, "आम्ही ठीक आहोत. तुम्ही कशा आहात?" हात घसरला म्हणा. तसा एवढ्या अक्षरांपर्यंत कुणाचा हात घसरत नाही. डॉक्टर लाल झाले, खोडायला गेले, खोडतंय कुठं! मग म्हणाले, "शेवटी ‘ताई’ लिहायला हवं होतं."

त्यानंतर तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्या पानावर उत्तर हजर. "कान स्वच्छ. दाढ पुन्हा पाहावी. मी ठीक. गुडघे दुखतात." मग ह्यांचं, "दाढ पाहिली. गुडघ्यांना शेक द्यावा. आई अजून हट्ट करते का?" मग त्यांचं, "कान पाहिला. करते. तुझ्यावरच गेली आहे." असं आपलं तुमच्या खेपा चालल्या, इकडून दाढ, तिकडून कान. कधी नव्हे ते डॉक्टर शीळ घालायला लागले. तुमची तारीख आली की नवा शर्ट. एकदा तुम्ही आला नाहीत, पाहुणे होते म्हणे तुमच्याकडे, तर दिवसभर माझ्यावर खेकसत होते. — असं बघू नका. मान्य, सगळं तुमच्या पानावर लिहिलंय, आणि ते आता जन्माचं. उद्या परगावी हात मोडला तरी तिथला डॉक्टर पान उघडणार आणि वाचणार, गुडघे दुखतात, आई हट्टी. गुडघ्यांच्या तपासणीला या म्हणून निरोप आलाय का तुम्हाला? — मान हलवलीत म्हणजे आलाय. जाऊ नका. तुमचे गुडघे चांगले आहेत.

आता आजचं सांगते आणि गप्प बसते. आज तुमच्या पानावर ताईंनी काय लिहावं? "कान ठीक. रुग्णाने पुन्हा येऊ नये. तू ये." बस्स, एवढंच. डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि मला म्हणाले, "माप घ्या." कुणाचं? "ह्यांचं." कशासाठी? "घ्या म्हणतो ना!" आता कळलं? तुम्हाला ना दात बसवायचाय ना कवळी. तुम्ही उठून गेलात की पान बंद, मग ते उत्तर लिहिणार कुठं? म्हणून तुम्हाला असं — काय म्हणतात त्याला — बूच लावून बसवलंय. त्यांना वाटलं, दोन मिनिटांत लिहून होईल. पण एवढ्या वर्षांचं दोन मिनिटांत काय लिहितो माणूस!

थांबा. टकटक बंद झाली. — डॉक्टर? काढू का माप? — डॉक्टर! — अहो, मागचं दार वाजलं. ही गाडी... ही आमचीच गाडी सुरू झाली की! गेले? पांढऱ्या कोटातच गेले? थांबा हं, जरा बघून येते.

गेले. पडद्यावर लिहिलंय, "निघालो." एवढा वेळ लावून एक शब्द! आणि मोबाईल टेबलावरच. चला, तोंड सैल सोडा, मी ओढते — जरा जोर लागेल — हं — निघालं! काय सुरेख माप आलंय बघा, एकही बुडबुडा नाही, आणि कुणाच्या उपयोगाचं — कोण? दार उघडंच आहे, या —

ताई! तुम्ही? अहो ताई, ते तुमच्याकडेच गेले! आत्ता, ह्या क्षणी! पुलावर दिसले नाहीत? — नाही, नाही, तुम्ही मागे फिरू नका, मोबाईल इथंच टाकून गेलेत, पुन्हा चुकामूक होईल. तुम्ही तिथं, ते इथं, असं किती वेळ चालायचं? एकानं तरी बसायला हवं ना. त्यांना तिकडे तुम्ही दिसल्या नाहीत की येतील धावत. साहेब, उठा. उठा हो, खुर्ची मोकळी करा, ताईंना इतके जिने चढून धाप लागलीय. बसा ताई. हा घ्या रुमाल — नको, तो दातांचा आहे, हा घ्या, हा डोळ्यांना चालेल. आईंना कुठं सोडलंत? खाली गाडीत? एकट्या? मग मी त्यांना वर — काय साहेब, काय म्हणताय? आत्ता नाही हो. बाहेरच्या बेसिनला चूळ भरा आणि जा.